पास मागू नका, पैसे मागा

परवा रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. पाऊस, गुडघे, कामवाली असं सगळं यथासांग झालं आणि मग ती मुद्द्यावर आली. "अगं, वीस डिसेंबरचं लग्न आहे पुण्यात. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला न्यू जर्सीहून यायचंय. तिकिटं बघितली तर डोळेच पांढरे झाले. तुझ्या नवऱ्याचे ते पास असतात ना? दोन दे की. तुम्हाला काय बाई, फुकटच!"

मी नाही म्हटलं. म्हणजे आधी "बघते" म्हटलं, मग "अवघड आहे" म्हटलं आणि शेवटी नाही म्हटलं. मावशी काही बोलली नाही, पण संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन घरांत पोचली होती. "अमेरिकेत राहून माणसं बदलतात" हे वाक्यही कुठूनतरी फिरून माझ्यापर्यंत आलं. म्हणून म्हटलं, दर वर्षी दिवाळीनंतर हा विषय निघतोच, तर एकदाच सगळं लिहून टाकू. नातेवाईकांपैकी बरेच जण इथे वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचा आणि रागवायचं असेल तर पूर्ण वाचून रागवा.

नवरा एका अमेरिकन विमान कंपनीत मेकॅनिक आहे. त्यामुळे आम्हाला स्टँडबाय प्रवासाची सवलत मिळते. आपल्याकडे 'पास' म्हटलं की डोळ्यांसमोर रेल्वेचा पास येतो. माझ्या आत्याचे यजमान भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या पासावर बर्थ रिझर्व्ह व्हायची, आणि सगळं कुटुंब डबे-पिशव्या घेऊन ऐटीत जाऊन त्या बर्थवर बसायचं. घोळ इथूनच सुरू होतो. विमान कंपनीचा स्टँडबाय पास तसा नसतो. त्यावर सीट मिळत नाही, सीट उरली तर बसायची परवानगी मिळते. आपलं नाव यादीत घालायचं, विमानतळावर जायचं, गेटपाशी बसायचं. पैसे भरलेले सगळे प्रवासी चढले, कनेक्शनवाले धावत धावत येऊन पोचले, ड्यूटीवर जाणारे कर्मचारी बसले, की मग उरलेल्या सीटांसाठी यादीतली नावं पुकारतात. विमान सुटायला तेव्हा जेमतेम अर्धा तास उरलेला असतो, कधी त्याहूनही कमी.

बरं, त्या यादीतही पायऱ्या असतात. सर्वसाधारणपणे आधी स्वतः कर्मचारी आणि त्याचं कुटुंब, मग आईवडील, आणि अगदी तळाला मित्र-नातेवाईकांसाठीचे 'बडी पास'. एकाच पायरीवर दहा जण असतील तर काही कंपन्यांत कोण किती जुना कर्मचारी हे बघतात, काहींत आधी चेक-इन कोणी केलं ते. मावशीचा धाकटा त्या तळाच्या पायरीवर असता. वीस डिसेंबरच्या लग्नासाठी, म्हणजे अख्खी अमेरिका घरी जायला निघते त्या आठवड्यात, न्यू जर्सीहून भारतात! त्यापेक्षा लॉटरीचं तिकीट घ्यावं.

आता 'फुकट' या शब्दाबद्दल. अमेरिकेच्या करकायद्यात १९८४ साली एक कलम आलं, १३२ नंबरचं. कंपनीला जी सेवा द्यायला वेगळा खर्च येत नाही, ती कर्मचाऱ्याला दिली तर तिच्यावर कर नाही, असं त्याचं साधं तत्त्व. सीट तशीही रिकामीच जाणार होती, त्यावर मेकॅनिकची बायको बसली तर कंपनीचं काय गेलं? कर्मचारी, त्याचा जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि विमानप्रवासापुरते कर्मचाऱ्याचे आईवडील एवढे त्यात बसतात. बाकीच्यांच्या फुकट प्रवासाची किंमत त्याचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. म्हणजे मावसभावाच्या विमानप्रवासावर माझ्या नवऱ्याने कर भरायचा. आणि हेही सांगून ठेवते की 'कर्मचाऱ्याचे आईवडील' म्हणजे माझे सासू-सासरे. माझी आई 'बाकीच्यां'त येते. तेव्हा हे पास मी माहेरी वाटत सुटते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पण मला खरा राग येतो तो 'तुम्हाला काय' या दोन शब्दांचा. शिकागोच्या जानेवारीत, उणे वीसमध्ये, रात्री तीन वाजता पंखाखाली उभं राहून हातमोज्यांतून नट पिळायचा, हे त्या 'फुकट'चे हप्ते आहेत. नोकरी घेताना पगार कमी वाटला तेव्हा सगळ्यांनी समजावलं होतं, "पण फ्लाइट बेनिफिट्स बघा ना!" म्हणजे ही सवलत पगारातच धरलेली आहे. फक्त ती अशा नाण्यात दिली आहे जे दुकानात चालत नाही, सणासुदीला तर मुळीच चालत नाही, आणि कंपनी बुडाली तर रातोरात खोटं ठरतं. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली तेव्हा हजारो लोकांचा पगार थकलेला होता. त्यांच्या घरच्यांच्या पासांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

शिवाय हे नाणं दर वर्षी झिजतंय. या शतकाच्या सुरुवातीला जगभरातल्या विमानांत शंभरातल्या सत्तरहून थोड्या जास्त सीटा भरत. २०२४ साली ती सरासरी साडेत्र्याऐंशीवर गेली. म्हणजे आमच्यासाठी उरणारा तुकडा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. आणि ही सरासरी आहे, त्यात मंगळवार दुपारची अर्धी रिकामी विमानंही आली. भारताच्या लांब पल्ल्याच्या विमानांची आणखी एक गंमत असते. २०२२ पासून रशियाने अमेरिकन कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय. वळसा पडला की इंधन जास्त, इंधन जास्त की वजनाचा हिशोब आला. मग कधी कधी डोळ्यांसमोर रिकामी सीट दिसत असते आणि तरीही वजनापायी तुम्हाला घेत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येते. काही वर्षांपूर्वी आम्ही भिडेपोटी एकाला बडी पास दिला. नाव घेणार नाही, तो वाचतोय. त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. पहिलं विमान भरून गेलं, दुसरं भरून गेलं, तिसऱ्याला याच्यापुढच्या दोघांची नावं पुकारली आणि याचं डोकं फिरलं. काउंटरवरच्या मुलीवर ओरडला. माझा भाऊ तुमच्याच कंपनीत आहे, तुझी तक्रार करतो, वगैरे वगैरे. ती मुलगी शांतपणे काहीतरी टाइप करत राहिली. तिने जे टाइप केलं ते आठवड्याभराने नवऱ्याच्या साहेबाच्या टेबलावर आलं. पास ज्याच्या नावाचा, वागणुकीची जबाबदारी त्याची, हा नियम. आमची सगळ्यांची सवलत सहा महिन्यांसाठी बंद झाली.

त्या सहा महिन्यांतल्या चौथ्या महिन्यात सांगलीला माझी आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ म्हणाला, ऑपरेशन परवा आहे. तेव्हा ऑक्टोबर होता, विमानांत जागा होत्या, नवऱ्याने मित्राकडून आकडे काढून बघितले होते. मला त्या सीटवर बसायची परवानगी नव्हती एवढंच. आयत्या वेळचं तिकीट अठराशे डॉलरचं. त्या महिन्यात घराचा मोठा हप्ता होता. आम्ही दोन दिवस हिशोब करण्यात घालवले आणि मी पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. आई आता बरी आहे, काठी घेऊन फिरते. शुद्धीवर आली तेव्हा "ती आली का" असं तिने विचारलं होतं, हे भावाने मला पुढे कधीतरी सांगितलं. ज्याच्यामुळे हे झालं त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज कळेल.

२६ मार्च २०१७ ला डेन्व्हरहून मिनियापोलिसला निघालेल्या दोन मुलींना युनायटेडने लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या मुली कर्मचाऱ्याच्या पासवर प्रवास करत होत्या. जग कंपनीला शिव्या घालत होतं आणि आमच्यासारख्या घरांतून एकच प्रश्न निघत होता, ज्याच्या पासवर त्या होत्या त्याचं काय झालं? तो नियम मलाही खुळचट वाटला. पण नियम खुळचट असला तरी त्याचे फटके बसतात ते पास देणाऱ्याला, घेणाऱ्याला नाही.

"मग निदान आईवडिलांना तरी आणा की फुकट" असं म्हणणारे असतात. आणलं होतं. माझे सासू-सासरे मुंबईहून निघून युरोपातल्या एका विमानतळावर अडकले. पुढची तीन विमानं भरलेली. शेंगेन व्हिसा नाही, त्यामुळे विमानतळाबाहेर पडून हॉटेल गाठता येईना. दोन रात्री खुर्च्यांवर काढल्या. बाकी औषधं सामानात, हातातल्या पिशवीत एका दिवसापुरतीच होती. सासरे पोचल्यावर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मी तिकीट काढीन." कायद्याने ज्या म्हाताऱ्यांना ही सवलत दिली आहे, त्यांनीच ती कधी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी आम्ही आता साधं, पैसे भरून, सीट नंबर छापलेलं तिकीट काढतो. मुलाने आईवडिलांना विमानात बसवलं म्हणजे काय, तर खात्रीने बसवलं.

मग या सवलतीचा उपयोग काय? आहे ना. वेळ आहे, वय आहे आणि पोचलो नाही तरी कुणाचं अडणार नाही, अशा माणसासाठी ती झकास आहे. आम्ही दोघं फेब्रुवारीत एका मंगळवारी लिस्बनला जाऊन आलो, कारण त्या दिवशी ते विमान रिकामं होतं. खरं जायचं होतं रोमला! स्टँडबायवाल्याने गाव ठरवायचं नसतं, जागा जिथे असेल तिथे जायचं असतं. दिवसाचं पहिलं विमान धरायचं, कारण ते चुकलं तर नाव पुढच्या विमानाच्या यादीत सरकतं. शुक्रवार, रविवार, शाळेच्या सुट्ट्या आणि डिसेंबरचा उत्तरार्ध विसरायचा. सामान हातात मावेल तेवढंच. दोघं असाल तर वेगवेगळं बसायची आणि वेळ पडल्यास एकट्याने पुढे जायची तयारी ठेवायची. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांसाठी 'झेड' नावाची कर्मचारी भाड्याची तिकिटं मिळतात, ती आडवळणाचा रस्ता म्हणून जवळ ठेवायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमानतळाचे कर बहुतेक भरावेच लागतात, तेही धरायचे. काउंटरवर एकदा जाऊन नाव नोंदलंय ना एवढं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. नीट कपडे घालायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीच्या पूर्ण तिकिटाचे पैसे खात्यात असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

शेवटची अट नीट बघा. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे आहेत त्यालाच स्टँडबाय परवडतं. ज्याच्याकडे नाहीत तो पास मागतो, आणि नेमका तोच अडकतो. म्हणजे पास देऊन मी मदत करत नाही, त्याची अडचण वीस तास पुढे ढकलून परक्या विमानतळावर नेऊन ठेवते.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. आमच्या घरात ती भीड त्या ऑक्टोबरात संपली. म्हणून यापुढे सरळ सांगते. लग्न, मुंज, परीक्षा, व्हिसाची मुलाखत, आजारपण, यांतल्या कशासाठीही आमच्याकडे पास मागू नका. पैसे मागा. खरंच सांगते. जमतील तेवढे देऊ, उसने देऊ, लग्नाचा अहेर म्हणून देऊ. पैसे गेले तर परत मिळवता येतात. सवलत गेली की माझी आईकडे जायची वाट बंद होते.

मावशीला काल फोन केला होता. पुण्याच्या लग्नाला धाकट्याच्या एका तिकिटाचे निम्मे पैसे आमच्याकडून, असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, पण पास फुकट असताना पैसे कशाला घालवतेस?"

असो. मावशी, हे पोस्ट तुझ्यासाठीच आहे. पहिल्यापासून वाच.