कुलूप लावलेल्या घरातली भूक



२०२३ च्या जागतिक भूक निर्देशांकात १२५ देशांत भारत १११ वा आला. श्रीलंका ६०, नेपाळ ६९, बांगलादेश ८१. सरकार म्हणालं, मोजणीच चुकीची. चार मापांतली तीन लेकरांची, त्यावरून साऱ्या देशाची भूक कशी ठरवता?

ती तीन मापं अशी: वयाच्या मानानं बुटकी राहिलेली लेकरं, उंचीच्या मानानं रोडावलेली, आणि पाच वर्षांच्या आत दगावलेली. चौथं माप, पुरेसं खायला न मिळणाऱ्या लोकांचा अंदाज. घरात दाणा कमी पडला की आधी लेकरूच सुकते, हे आपल्या बाया कोणत्याही तज्ज्ञाइतकंच जाणतात. तेव्हा लेकरं मोजली यात चूक काय?

घोळ दुसरीकडेच आहे. रोडावलेली लेकरं निर्देशांकात १८.७ टक्के, सरकारच्या पोषण ट्रॅकरवर ७.२. ट्रॅकरवर अंगणवाडीत मोजलेलं लेकरू येते. जे तिथं पोचलंच नाही त्याचं काय?

धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू दिवाळीनंतर खाली उतरतात. दर्यापूर-अंजनगावच्या वावरात कापूस वेचतात, हरभरा सोंगतात. पोट्टं धुऱ्यावर झोळीत. तिकडं घराला कुलूप, इकडच्या रजिस्टरात नाव नाही. सर्व्हेवाला आला तरी कुलपाला काय विचारणार? मेळघाटातल्या बालमृत्यूंची ओरड १९९३ पासून चालू आहे. पावसाळा आला की पुढाऱ्यांच्या गाड्या घाट चढतात. वेचणीच्या दिवसांत इथल्या धुऱ्यावर कोणी फिरकत नाही, आणि इथं तर डांबरी रस्ता आहे!

माणूस गाव सोडून का उतरते, हे तर कोणताच निर्देशांक विचारत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा लोंबकळत, म्हणून विहीर नाही. एका पावसाच्या पिकावर वर्ष निघत नाही. पट्टा मिळाला की दुसऱ्या दिवशी पोट भरते असं नाही, बैल लागतात, पाणी लागते. पण निदान लेकरू आपल्या अंगणवाडीत राहते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक लेकराला अंगणवाडीतला आहार हक्कानं दिला आहे. म्हणून वेचणीच्या काळात इथल्या अंगणवाड्यांनी मजुरांची लेकरंही मोजावी, जेवू घालावी. आणि आपल्या गावांनी स्वतःची वही ठेवावी: लेकराचं वजन, दंडाचं माप (साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असलं तर लगेच दवाखाना), आणि त्याच ओळीत त्या घराचा जमिनीचा दावा कोणत्या टेबलावर अडला ते. तहसीलवर जाताना ती वही सोबत घ्या.