मिलिट्री बोलवा म्हणण्याआधी

पेण-रोह्याकडे मिरवणुकीत दगड पडला, दोन गटांत जुंपली, की नाक्यावर हमखास ऐकू येते, "आता मिलिट्रीच बोलवा, सरळ होतील सगळे." बोलणाऱ्याचा संताप खरा असतो. पुढाऱ्याचा फोन आला की तक्रार नोंदवली जात नाही, हे त्याने पाहिलेले असते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चूक आहे.

म्हणे, जवानाला इथे ना सोयरा ना पुढारी, म्हणून तो निःपक्षपाती. पण विसर्जनाच्या रात्री चौकातला हवालदार गर्दीत शिरून नेमका भडकलेला पोरगा बाजूला काढतो, कारण त्या पोराची आळी आणि बाप त्याला ठाऊक असतात. लाठी न उचलता भांडण तिथेच विरते. जवान शिकलेला असतो शत्रूशी लढायला. पंचनामा, तपास, आरोपपत्र हे त्याचे कामच नव्हे.

"महाडच्या पुरात नौदल आले, मग दंगलीत सैन्य का नको?" २०२१ च्या त्या मदतीबद्दल रायगडकर कृतज्ञच आहेत. पण बुडत्याला हात देणे वेगळे आणि आपल्याच नागरिकावर बंदूक रोखणे वेगळे. म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ ने अट घातली आहे: जमाव दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पांगत नसेल, तरच जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला, जागेवर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला पाचारण करू शकतो, तेही बळ आणि इजा कमीत कमी ठेवून. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली नागा पीपल्स मूव्हमेंटच्या खटल्यात सांगितले, की सैन्य मुलकी सत्तेच्या मदतीला येते, तिची जागा घ्यायला नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच कुणी सांगते. जमाव पांगवताना पोलिसाने गोळी झाडली, तर त्याच संहितेच्या कलम १५१ नुसार खटल्याची परवानगी राज्य सरकारकडे मागायची. सैनिकाने झाडली, तर केंद्राकडे. रोह्याच्या शेतकऱ्याने दाद मागायला दिल्ली गाठायची का?

सैन्य उतरले की सगळे शांत, हेही खरे नाही. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत सैन्य आले, तरीही दोन पर्वांत सुमारे ९०० माणसे गेली. आणि मुलकी सत्ताच बाजूला सारली तर काय होते, ते सोलापूरने १९३० च्या मार्शल लॉमध्ये भोगले. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ती परकी राजवट होती, हे मान्य. पण जाब विचारायला जागा नसलेली सत्ता आपल्या माणसांच्या हातीही तितकीच घातक.

उलट पोलिसांना जाब विचारता येतो, आणि तो विचारणारा माणूस आपल्याच जिल्ह्याने दिला. कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, खासदार चिंतामणराव देशमुख १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याला त्यांचा विरोध होताच. शिवाय तिथल्या पोलीस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हेही त्यांनी लोकसभेत ठणकावून सांगितले.

तेव्हा आमसभेत मिलिट्री मागू नका. पोलीस ठाण्यात किती पदे रिकामी आहेत, बंदोबस्ताला सलग किती तास उभे केले जाते, गेल्या गणेशोत्सवातल्या कोणत्या तक्रारींवर गुन्हा नोंदला नाही आणि का, हे लेखी मागा.