पुढच्या टायरची आतली बाजू

ऊस विकास विभागाच्या माणसाने टायरवर लिहावे याचे काही सभासद बंधूंना नवल वाटेल. लागण, बेणे, खत, पाणी, खोडवा हे आमचे विषय. पण दारात चारचाकी आली अशी घरे आता आपल्या कार्यक्षेत्रात थोडीथोडकी राहिलेली नाहीत. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की त्याला वाटा फुटतात. सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, दवाखाना, आणि त्यांच्या मागोमाग आता टायर. बिलातला जो पैसा नाहक जातो तो आमच्या विषयाबाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही. टनेज वाढवून मिळवलेले रस्त्यावर घासून घालवायचे, हा कुठला हिशेब?

मागल्या महिन्यात गट ऑफिसच्या पायरीवर आमचे एक जुने सभासद भेटले. वयाने वडील, सगळे त्यांना तात्याच म्हणतात. तात्या तापलेले होते.

"साहेब, टायरच्या कंपन्या चोर झाल्यात बघा. आमची अँबॅसिडर होती तवा टायर जायाचं नाव घेत नव्हतं. ह्या गाडीचं पुढचं दोन्ही टायर दीड वर्षात खल्लास. मागचं बघा, अजून नवं हाय. म्हंजे पुढचं टायर खोटंच दिलं का न्हाय?"

"तात्या, चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले ना?"

"व्हय की."

"मग कंपनीने निवडून पुढचेच दोन खोटे कसे दिले?"

तात्या हसले, पण पटले नाही. पटावे म्हणून आम्ही जे त्यांना सांगितले तेच इथे लिहितो.

अँबॅसिडरचे इंजिन पुढे होते, पण गाडी ओढायची मागची चाके. पुढच्या चाकांनी वळायचे आणि मागच्यांनी रेटायचे, अशी कामाची वाटणी होती. १९८३ साली मारुती ८०० आली ती पुढच्या चाकांनी ओढणारी, आणि आज आपल्या दारातल्या बहुतेक लहान गाड्या त्याच जातीच्या आहेत. इंजिनचे वजन पुढच्या चाकांवर, ओढायचे त्यांनी, वळायचे त्यांनी, आणि ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो म्हणून थांबवण्याचा मोठा वाटाही त्यांचाच. मागची चाके बिचारी नुसती पाठोपाठ येतात. तेव्हा पुढचे टायर आधी झिजणार, हे ठरलेलेच आहे. यात चोरी कुणाची नाही. यावर उपाय एवढाच की दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालावेत. चारी टायर सारखे झिजतात आणि संच बरोबरीने संपतो.

पण खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. टायर किती झिजला यापेक्षा तो कसा झिजला हे बघायला हवे. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या अंगावर बेतले तेव्हा शिकलो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही गाडीला पुढे दोन नवे टायर घातले. तालुक्याच्या गावातले दुकान, नाव इथे घेत नाही. दुकानदाराने अलाइनमेंटचे पैसे घेतले आणि "केलंय साहेब, बिनघोर जावा" म्हणाला. मशीनचा कागद आम्ही मागितला नाही, त्याने दिला नाही. पुढे चार-पाच महिने रोज सकाळी गाडीला फेरी मारून, टायरला लाथ मारून आम्ही खात्री करत होतो. बाहेरून खाचा खोल, रबर काळेभोर. नंतर आईला डोळ्याच्या तपासणीला घेऊन निघालो. पाऊस होता. कालव्याच्या वळणावर डावा पुढचा टायर फुटला, स्टिअरिंग हातातून गेले आणि गाडी रस्ता सोडून खाली उतरली. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस. देवाची कृपा म्हणा की नशीब म्हणा, गाडी उसाच्या बाजूला गेली. दाट खोडवा होता, त्याने आम्हाला झेलले. आईच्या कपाळाला खोक पडली, दोन टाके पडले. त्यावरच निभावले.

रानाचे मालक घोंगडे घेऊन पळत आले. आम्हाला ओळखले आणि म्हणाले, "साहेब, प्लॉट बघायला येता ते ठीक, पण गाडीसकट?" नुकसानीचे पैसे देऊ केले तर हात जोडून नको म्हणाले. त्यांनीच ट्रॅक्टर लावून गाडी वर काढली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ते चाक काढून आमच्यापुढे आडवे टाकले. बाहेरची बाजू नवी. आतली बाजू, म्हणजे इंजिनकडची, चार बोटे रुंदीत पार गुळगुळीत, आणि कडेला तारा उघड्या. दुसऱ्या बाजूच्या टायरचीही तीच गत, फक्त तो फुटायचा राहिला होता.

आम्हाला त्या वेळी स्वतःचीच लाज वाटली. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा आम्ही गावोगाव सांगत फिरलो होतो की बाबांनो, पान वरून हिरवे दिसते म्हणून फसू नका, पान उलटे करून बघा, कीड पानाच्या मागे बसते. सगळ्यांना पान उलटायला शिकवले, आणि आपल्या गाडीचा टायर मात्र वरूनच बघत राहिलो.

असे होते कसे, तेही सांगतो. गाडीची पुढची दोन चाके जवळजवळ समांतर चालावी लागतात. खड्ड्यात आपटून, टाय रॉड वाकून किंवा त्याचा गोळा सैल होऊन चाके किंचित फाकली, की ती सरळ फिरत नाहीत, आडवी घासत जातात. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा वाजवीपेक्षा फक्त ३ मिलिमीटरने जास्त झाले, तर प्रत्येक चाक एका किलोमीटरमागे सुमारे अडीच मीटर आडवे घासते. १० हजार किलोमीटरला २५ किलोमीटर! एवढे अंतर टायर आडवा धरून डांबरावर ओढला तर काय शिल्लक राहील? हंगामात आपल्याकडचे रस्ते कसे होतात हे सांगायला नकोच. तीन मिलिमीटरला एक चांगला खड्डा पुरतो.

आता पैशाचा हिशेब. समजा एक टायर ३,५०० रुपयांचा आहे आणि ३० हजार किलोमीटर चालतो. किलोमीटरला पावणेबारा पैसे पडले. दुसरा ४,५०० रुपयांचा, ४५ हजार चालतो. किलोमीटरला १० पैसे. म्हणजे महाग दिसणारा टायर स्वस्त पडला. पण हाच दुसरा टायर फाकलेल्या चाकावर चढवला आणि १५ हजारात संपला, तर ३० पैसे. म्हणून आमचे म्हणणे असे की कोणता टायर स्वस्त, हा प्रश्न दुकानात विचारण्याआधी गाडीखाली वाकून विचारावा. सैल गोळे, खराब बुश आधी बदलावेत, मग अलाइनमेंट करावी, आणि मशीनचा आधीचा व नंतरचा आकडा असलेला कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पान बघून आपण उसाचे दुखणे ओळखतो. जुनी पाने पिवळी पडली तर नत्र कमी, कडा करपल्या तर पालाश कमी, कोवळ्या पानावर केवडा दिसला तर लोह कमी. टायरचेही तसेच आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य झिजला आणि कडा शाबूत, तर हवा जादा. एकच कड गेली तर चाकाचा कोन बिघडला. टायरवर आडवा हात फिरवल्यावर एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखे लागले, तर चाके फाकली किंवा आत वळली आहेत. जागोजाग वाटीसारखे खळगे पडले तर शॉकअप गेला किंवा चाक बॅलन्स नाही. रोग न ओळखता नुसता टायर बदलणे म्हणजे हुमणी लागलेल्या उसाला युरिया टाकण्यासारखे आहे.

हवेविषयी एक शब्द. हल्ली नायट्रोजन भरायची टूम निघाली आहे. वाईट काही नाही, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, टायर गार असताना, खात्रीच्या गेजने हवा बघा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. पंपावरच्या पोराला "टाक बत्तीस-पस्तीस" असे सांगू नका.

नवा टायर घेताना आम्ही स्वतः आता चार गोष्टी बघतो. माप कंपनीने दिलेलेच ठेवावे, रुंद टायर जास्त चालतो ही समजूत खोटी आहे. मापापुढे भाराचा आकडा असतो, तो मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ८२ आकडा म्हणजे एका टायरवर ४७५ किलो. डिकीत ४५ किलोची युरियाची पोती आणि वर पेंड भरणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. तिसरी गोष्ट, तयार झाल्याची तारीख. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते, कडक पडते, चिरते. सवलतीत मिळणारा टायर कोणत्या सालचा आहे ते आधी बघा. शहरातून येणारे जुने टायर तर आम्ही पुढच्या चाकाला सुचवणारच नाही, मग भाव काहीही असो. चौथी गोष्ट, कडक रबर जास्त चालते पण ओल्या रस्त्यावर पकड कमी देते. जास्तीत जास्त चालणारा आणि पावसात घट्ट धरणारा, दोन्ही एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाही. लेकराबाळांना घेऊन फिरणाऱ्याने पकडीला थोडे झुकते माप द्यावे, असे आमचे मत आहे.

दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत आणि मागचे बरे टायर पुढे आणावेत. आम्ही नेमके उलटे केले होते. पावसात पुढचे चाक सरकले तर ड्रायव्हरला कळते, सावरता येते. मागचे सरकले की गाडी गरकन फिरते आणि मग कुणाच्या हातात काही राहत नाही. आणि खाचेच्या तळाशी जे लहान उंचवटे असतात त्यांच्या पातळीला रबर आले, म्हणजे १.६ मिलिमीटर खाच उरली, की टायर संपला. कायद्यानेही संपला.

ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरमालकांना दोनच गोष्टी. ट्रॉल्या वाजवीपेक्षा जास्त भरल्या की पुढची चाके हलकी होतात, उड्या मारतात, वळणावर फरफटतात, आणि पट्ट्या झिजतात. टायर वाचतो का हा पुढचा प्रश्न, आधी ड्रायव्हर वाचायला हवा. आणि चारी चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर ज्यांच्याकडे आहे त्यांनी डांबरीवर चढताना पुढच्या चाकांची ओढ काढून टाकावी. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावावीत अशी त्यांची रचना असते. मऊ रानात ते चालून जाते, डांबरावर तेवढा फरक टायर घासूनच निघतो.

शेवटी एक सूचना. हंगाम सुरू होण्याआधी वाहतुकीचे करार होतात, वाहनांची कागदपत्रे तपासली जातात. त्याच वेळी यार्डात टायर तपासणीचे एक शिबिर घ्यावे, खात्रीचा गेज ठेवावा आणि अलाइनमेंटचे मशीन ठरावीक दराने दोन दिवस आणवावे. सभासदांच्या गाड्यांनाही ते खुले असावे. टायर एकत्रित खरेदी केले तर भावातही फरक पडेल. बियाणे, खते आपण एकत्र आणतोच की. संचालक मंडळाने यावर विचार करावा, आणि सभासदांना पटत असेल तर त्यांनी वार्षिक सभेत विषय मांडावा.

काहीजण म्हणतील, साहेबांचा टायर फुटला म्हणून साहेबांना हे सुचले. खरे आहे. आईच्या कपाळावरची खूण अजून गेलेली नाही, आणि गाडीत बसताना ती आजही विचारते, "आतनं बघितलंस का रे?" सभासद बंधूंनो, तुमच्या घरी कुणी हे विचारायची वेळ येऊ देऊ नका. आजच संध्याकाळी चाके एका बाजूला पूर्ण वळवा, बॅटरी घ्या, खाली वाका आणि टायरची आतली बाजू बघा. पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.