तारण असेल त्यालाच विलायत?

परदेशी शिष्यवृत्तीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ज्याला बाहेर शिकायचं आहे त्यानं बँकेचं कर्ज काढावं, तिथे कमवावं आणि फेडावं. करदात्यांच्या पैशानं कोणाला विलायतेला कशासाठी पाठवायचं? इथल्या शाळांची छपरं गळतात. आणि पाठवलेली मुलं तरी कुठे परत येतात? शिकलेली, सुस्थितीतली माणसं हे बोलतात आणि मनापासून बोलतात. म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

आधी कर्जाचंच घेऊ. सरकारी बँकांच्या सर्वसाधारण नियमानुसार साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज मालमत्ता तारण न ठेवता मिळतं. त्यापुढे, मोजक्या नामांकित विद्यापीठांसाठीच्या सवलती सोडल्या, तर काहीतरी गहाण टाकावं लागतं. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये एम.एस. करायचं तर साडेसात लाखांत एका सत्राची फीसुद्धा बऱ्याचदा भागत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट असेल तर वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन जोडलं की फाइल पुढे सरकते. शेतजमीन बहुतेक बँका धरत नाहीत. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवला तर तेवढ्यावर क्वचितच भागतं. खासगी वित्त कंपन्या विनातारण कर्ज देतात, पण त्यांना नोकरदार सहकर्जदार लागतो, त्याची आयकर विवरणपत्रं लागतात, आणि व्याजही चढं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बापानं विवरणपत्र कुठून आणायचं?

म्हणजे एकाच विद्यापीठाचं, एकाच विषयाचं ऑफर लेटर दोन मुलांच्या हाती असलं तरी बँकेच्या टेबलावर ती दोघं सारखी राहत नाहीत. तिथे मोजलं जातं ते त्यांच्या आईबापांनी, आजोबांनी जमवलेलं. ज्यांच्या आजोबांना जमीन बाळगू दिली गेली नाही, गावाबाहेर राहायला लावलं गेलं, त्यांच्या नातवाला ‘कर्ज काढ’ असं सांगणं म्हणजे घरी बस असं सांगणं आहे. हे मला अन्याय्य वाटतं आणि ते तशाच शब्दांत सांगायला हवं.

मुलं परत येत नाहीत, हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर हिशेबातच आहे. ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये येतो. शिकत असतानाच्या काळातलं व्याज यात धरलेलंही नाही. हा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी नांदेडच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला येऊ शकेल का? तिला डॉलरमध्ये किंवा पौंडात कमवावंच लागतं. परतीची वाट तिच्यापुरती हा हप्ताच बंद करतो. विषयसुद्धा तोच ठरवतो. ज्यात लगेच पगार आहे ते शिकायचं. सार्वजनिक आरोग्य, पुरातत्त्व, भाषाविज्ञान हे मागे टाकायचं.

शिवाय हा सगळा हिशेब दुसऱ्या देशाच्या मर्जीवर बेतलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. ब्रिटननं शिक्षणानंतर काम करण्याची दोन वर्षांची मुभा पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दीड वर्षावर आणायचं ठरवलं. असे निर्णय वॉशिंग्टनला आणि लंडनला होतात. त्यांच्यापायी टांगणीला लागतं ते सांगलीतलं घर.

आता गळक्या छपरांचं पाहू. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा ७५. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सव्वा कोटीच्या वर होती. एका विद्यार्थ्यामागे अगदी ६० लाख खर्च धरला तरी ७५ जणांचे होतात ४५ कोटी. राज्याचा वर्षाचा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरात आहे. म्हणजे लाख रुपयांमागे साडेसहा रुपयेसुद्धा नाहीत. इतके पैसे वाचवून शाळांची छपरं शाकारली जातील असं कोणी गंभीरपणे म्हणू शकत नाही. छपरं दुरुस्त व्हायलाच हवीत, आणि त्यासाठी वेगळी तरतूद मागायला हवी.

या पैशातून काय उभं राहतं, याचा दाखला महाराष्ट्राला बाहेर शोधावा लागत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत संपली आणि कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. करारानुसार बडोद्यात रुजूही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं आणि नोकरी सोडावी लागली. ‘परत येत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. माणूस आला होता, आपण त्याला ठेवून घेतलं नाही. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्रानं दिलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढ्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कर्ज होतंच, पण ते मैत्रीचं होतं. तारण मागणाऱ्या बँकेच्या दारात त्यांचं काय झालं असतं, याची कल्पना करणं अवघड नाही.

एक आक्षेप मला निम्मा मान्य आहे. शिष्यवृत्ती सधन अधिकाऱ्यांच्या मुलांकडे जाते, ही तक्रार सरसकट खोटी नाही, आणि उत्पन्नाची तपासणी काटेकोर असावी. पण गैरफायदा घेणाऱ्याला अडवायचं म्हणून योजनाच आक्रसायची, हे मला पटत नाही.

कर्जालाही माझा सरसकट विरोध नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला तो कर्जाच्याच रूपात. त्याच्या पहिल्या लाभार्थींमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. तिथे निवड व्हायची ती गुणवत्तेवर, आणि तेच कळीचं आहे. ऑस्ट्रेलियानं १९८९ पासून आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशी पद्धत बसवली की कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच फेड सुरू होते. राज्य सरकारनं हमी घेतली तर असं कर्ज इथेही देता येईल.

त्याच्या जोडीला शिष्यवृत्तीच्या जागा वाढाव्यात आणि निर्वाहभत्ता वेळेवर पोचावा. परक्या शहरात घरभाडं थांबून राहत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत देशभरासाठी जागा आहेत जेमतेम १२५. त्यातही २०२२ मध्ये भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचा अभ्यास वगळला गेला. आंबेडकरांचा कोलंबियातला एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता आणि १९१६ मध्ये तिथेच त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. या नियमाखाली त्यांचा अर्ज बाद झाला असता. केंद्रानं हे कलम काढून टाकावं, आणि तोवर वगळलेल्या विषयांसाठी महाराष्ट्रानं स्वतःच्या खर्चानं जागा ठेवाव्यात. त्यासाठी पुरवणी मागण्यांतली एक ओळ पुरेल. येत्या अधिवेशनात आमदारांनी ती मागावी.