नाव ऐकलं नाही, एवढ्यावर गाडी वाईट?



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना पायऱ्यांवर मी एवढंच म्हणाले की आम्ही विजेवरची गाडी बघतोय आणि त्यात विनफास्टची व्हीएफ ६ सुद्धा बघणार आहोत. झालं! एक काकू म्हणाल्या, "विन काय? नाव तरी ऐकलंय का कुणी? पंधरा-सोळा लाख घालायचे तर चारचौघांत सांगता येईल अशी तरी घ्यावी." दुसरीने परस्पर ठरवून टाकलं की ती चिनीच असणार. आणि तिसरी, माझी जिवाभावाची मैत्रीण, माझ्या बाजूने बोलायला गेली ती अशी: "अगं, विजेवरची म्हणजे अहिंसक गाडी. धूर नाही, आत चामडं नाही. आपल्या धर्माला शोभते. डोळे मिटून घे."

माझं भांडण काकूंशी आहे आणि मैत्रिणीशीही आहे. खरं सांगायचं तर मैत्रिणीशी जरा जास्त आहे.

आधी नावाचं बघू. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली तेव्हा आमच्या माहेरी हीच चर्चा होती. कोरियन गाडी, टिकणार किती, भाग मिळणार कुठे? २०१९ मध्ये सेल्टॉस येईपर्यंत किया हे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं होतं? आज आपल्याच गल्लीत मोजा. आणि उलटं बघायचं तर शेव्हरोलेचं नाव काय लहान होतं? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस चालू राहील असं दोघांनीही सांगितलं, पण त्यानंतर त्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा काय भाव आला, ते ज्यांच्या दारात होत्या त्यांना विचारा. नाव शंभर वर्षांचं होतं, म्हणून कुणी राहिलं नाही.

घरातलंच उदाहरण देते. आमचं वॉशिंग मशीन चांगल्या मोठ्या नावाचं. त्याचं एक सर्किट बोर्ड गेलं आणि दीड महिना मी सहा माणसांचे कपडे हाताने धुतले. आणि आमची घरघंटी? तिच्यावरचं नाव कधीच पुसून गेलंय, मलाच आठवत नाही. चौदा वर्षं दळतेय. का? तर बनवणारा माणूस फोन केला की मोटारसायकलवर पाना घेऊन येतो. काकू, तुमच्याकडेही तीच घरघंटी आहे हो. तेव्हा नाव विचारलं नव्हतं.

आता ही कंपनी. ती चिनी नाही, व्हिएतनामची आहे. २०१७ मध्ये सुरू झाली, व्हिनग्रुप या मोठ्या उद्योगसमूहाची. तिचे मालक फाम न्हात वुओंग यांनी सुरुवातीला युक्रेनमध्ये इन्स्टंट नूडल्सचा धंदा केला, हे वाचून मला उगीचच आपलेपणा वाटला. आपल्यातही पापड-मसाल्यावरून कारखान्यापर्यंत गेलेली घरं कमी नाहीत. २०२२ मध्ये त्यांनी पेट्रोलच्या गाड्या बनवणं बंद केलं. ४ ऑगस्ट २०२५ ला तमिळनाडूत तुतिकोरिनला त्यांचा कारखाना सुरू झाला, आणि ६ सप्टेंबरला व्हीएफ ६ बाजारात आली, १६ लाख ४९ हजारांपासून पुढे, एक्स-शोरूम. बॅटरी ५९.६ युनिटची. एआरएआयची रेंज सगळ्यात कमी किमतीच्या प्रकाराला ४६८ किलोमीटर. भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे. एवढ्या पैशात हे सगळं कागदावर चांगलंच दिसतं. नाव ऐकलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

पण दुसरी बाजू काकूंनी मांडली नाही, म्हणून मीच मांडते. ही कंपनी अजून तोट्यात आहे, आणि तोटा लहान नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा कारखाना त्यांनी २०२८ पर्यंत पुढे ढकललाय. २०२३ मध्ये त्यांनी विकलेल्या बहुसंख्य गाड्या मालकांच्याच समूहातल्या कंपन्यांनी घेतल्या, त्यात टॅक्सीची कंपनी मोठी. म्हणजे दुकान चालतंय हे दाखवायला घरच्यांनीच किराणा न्यावा तसं. २०२४ मध्ये सुमारे ९७ हजार गाड्या विकल्या, ही वाढ मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण शंका घ्यायचीच असेल तर ही घ्या ना. "चारचौघांत सांगता येईल का" ही कुठली शंका? तो मान कषाय आहे, आणि दशलक्षणात उत्तम मार्दवाच्या दिवशी आपण माना डोलावून ऐकतो तो याच्याबद्दलच.

आता माझ्या मैत्रिणीकडे वळते. बाई गं, गाडी अहिंसक नसते. आपल्या देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशावर तयार होते. आपल्या दारात धूर नाही, तो चंद्रपूरला आणि परळीला निघतो. तिथेही माणसं राहतात, झाडं आहेत, पाखरं आहेत. बॅटरीत कोबाल्ट असेल तर जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो, आणि तिथल्या लहान खाणींत पोरं राबतात हे २०१६ पासून जगजाहीर आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट आणि निकेल नसतं. म्हणून बॅटरी कुठल्या जातीची, हे विचारायचं. हा प्रश्न अहिंसेचा आहे. "धूर नाही" ही फक्त जाहिरात झाली.

चामड्याचंही तसंच. सीटवर चामडं नाही, "व्हेगन लेदर" आहे, असं सांगतात. ते बहुतेक वेळा प्लास्टिक असतं, आणि आपल्याला चालतं, ठीक आहे. पण बऱ्याच गाड्यांमध्ये सीट नकली आणि स्टिअरिंगवरचं आवरण मात्र खऱ्या चामड्याचं, हे कितीजणींना ठाऊक आहे? गाडी चालवताना हात सतत त्याच्यावरच असतो. दोन्ही वेगवेगळं विचारा. आपण पाणी गाळून पितो आणि जाहिरात मात्र न गाळता पितो, याचा मला राग येतो. आपला धर्म वापरून कुणी आपल्याला वस्तू विकत असेल तर तिथे दुप्पट सावध व्हायला पाहिजे.

धूर कमी होतो, आवाज कमी होतो, हे मला मान्य आहे, मला त्याचं मोलही आहे. पण तेवढ्याने पुण्य पदरात पडत नाही. चालत जाता येईल तिथे चालत जाणं, दोन घरांनी मिळून एका गाडीने जाणं, हे जास्त अहिंसक आहे, आणि ते पेट्रोलच्या जुन्या गाडीतही करता येतं.

मग आम्ही गाडी का बघतोय? सासूबाईंसाठी. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. बाकीचं धरून महिन्याला आमची गाडी आठशे किलोमीटर पळते. आता हिशेब बघा, मी वहीत मांडलाय. रेंज ४६८ लिहिलेली असली तरी रोजच्या वापरात पाऊण भाग धरावा, म्हणजे साडेतीनशे. चार्जिंगमधली थोडी गळती धरून शंभर किलोमीटरला वीस युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोलची तेवढीच गाडी लिटरला चौदा देते असं समजा, १०४ रुपयांच्या भावाने किलोमीटरला साडेसात रुपयांच्या आत-बाहेर. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये चाळीस पैसे वाचले, महिन्याला सव्वाचार-साडेचार हजार.

छान. पण आमच्या बघण्यातली पेट्रोलची गाडी ऑन-रोड चार लाखांनी स्वस्त आहे. ते चार लाख भरून निघायला लागतात साधारण पावणेआठ वर्षं.

आठ वर्षं! म्हणजे ही गाडी स्वस्त आहे की महाग, हे आज शोरूममध्ये कळतच नाही. ते आठव्या वर्षी कळणार. आणि आठव्या वर्षापर्यंत कंपनी इथे असली पाहिजे, भाग मिळाले पाहिजेत, बॅटरीत जीव असला पाहिजे. ज्यांची गाडी महिन्याला दीड हजार किलोमीटर पळते त्यांचे पैसे चार वर्षांत फिटतात, त्यांनी धोका घ्यावा. ज्यांची पाचशेच पळते त्यांनी हा हिशेब नवऱ्यापुढे ठेवावा आणि गप्प बसावं, त्याचं तोच बघेल.

माझा प्रश्न तर त्याहून साधा आहे. मंगळवारी गाडीला कुणी मागून ठोकलं आणि बंपर, दिवा, सेन्सर यायला महिना लागला, तर शुक्रवारी सासूबाईंना मिरजेला कोण नेणार? रिक्षाने जाता येतं, एकदा. डायलिसिस झाल्यावर त्यांना धड बसवत नाही, मागच्या सीटवर आडव्या होऊन येतात.

हे मी शोरूममध्ये विचारलं. चार कंपन्यांची शोरूम आम्ही पालथी घातली. कुठलं कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण वागणूक सगळीकडे सारखीच. यांना बॅटरी, किंमत, हप्ते समजावून सांगतात. माझ्याकडे वळले की, "मॅडम, सनरूफ बघा, आतले दिवे बघा, चौसष्ट रंग आहेत." मी विचारलं, पुढची काच फुटली तर केवढ्याला आणि किती दिवसांत? मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, नवीन गाडी आहे, शुभ बोला." म्हटलं, बाळा, मी शुभच बोलतेय, लेखी बोलतेय, आकडा दे. आकडा मिळाला नाही.

सासूबाईंना मी प्रत्येक गाडीत मागे बसवून बघितलं, दहा-दहा मिनिटं. हे जरूर करा. विजेच्या गाडीत बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे तळ उंच होतो आणि मागे बसल्यावर गुडघे वर येतात, मांडीला आधार राहत नाही. तरुण पोरांना कळत नाही. गुडघेदुखीवाल्या बाईला पाच मिनिटांत कळतं. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

जाहिरातीत जे लिहिलेलं असतं तेही नीट वाचा. विनफास्टने जुलै २०२८ पर्यंत व्ही-ग्रीनच्या चार्जरवर चार्जिंग फुकट जाहीर केलंय. ऐकायला गोड आहे. पण तो चार्जर जयसिंगपूर-सांगलीत कुठे आहे, हे आधी बघायचं. फुकटच्या विजेसाठी चाळीस किलोमीटर जाणं म्हणजे स्वस्त भाजीसाठी रिक्षा करणं. आपलं चार्जिंग रात्री घरीच होणार, त्यासाठी मीटरचा मंजूर भार आणि अर्थिंग तपासून घ्या. वॉरंटी "दहा वर्षांपर्यंत" आहे. त्यातला "पर्यंत" हा शब्द बघा. कुठल्या भागाला दहा, कुठल्याला सात, कुठल्याला तीन? बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार? सर्व्हिससाठी त्यांनी मायटीव्हीएससारख्या कंपन्यांशी करार केलेत, आणि २०२५ अखेर २७ शहरांत ३५ डीलर असा बेत सांगितला होता. त्या २७ मध्ये आपलं गाव नसेल तर आपल्यासाठी तो आकडा शून्यच.

टोलमाफीचंही ऐकून फुगू नका. २२ ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेस-वे आणि समृद्धीवर माफी मिळाली. आपण जातो किणी, तासवडे, आनेवाडीवरून. ती माफी त्या तीन रस्त्यांची आहे. श्रवणबेळगोळला जायचं म्हटलं तर पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत एकदा तरी चार्जिंग. ते मात्र मला अडचणीचं वाटत नाही. सूर्यास्ताआधी जेवायला आपण थांबतोच, डबा सोडायचा आणि गाडी लावायची. फक्त तो चार्जर चालू आहे की नाही, हे निघायच्या आधी फोन करून विचारावं लागेल.

तर सध्या आमचं असं ठरलंय. गाडी बाद केलेली नाही. तिच्या डीलरला मी एक पत्र दिलंय, प्रश्न चार: बॅटरीची जात आणि तिच्या वॉरंटीची टक्केवारी; स्टिअरिंगवर काय आहे; काच, मागचा बंपर आणि मागच्या दिव्याची किंमत आणि ते किती दिवसांत येणार; आणि गाडी गॅरेजमध्ये आठ दिवसांहून जास्त राहिली तर बदली गाडी देणार का. सही-शिक्क्यानिशी उत्तर मागितलंय. हेच पत्र, एक अक्षर न बदलता, दोन मोठ्या नावांच्या कंपन्यांनाही दिलंय. काकू, तुम्ही म्हणता ना मोठं नाव, बघू तर खरं.

आज बारा दिवस झाले. एकाचा फोन आला होता, रंग कुठला ठरवला ते विचारायला.