वेशीवरचा राखणदार कोणत्या भाषेत विचारतो?

गेल्या दिवाळीत मुलगी चार दिवस माहेरपणाला आली होती. परतीच्या तिकिटाची प्रत काढायला म्हणून ती माझ्या कॉम्प्युटरपुढे बसली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चित्रावरची लाल फुली पाहून म्हणाली, "बाबा, तुमची फायरवॉल बंद आहे. कधीपासून?" मला सांगता येईना. मग हिशेब लागला. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर चालत नव्हता. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला होता, "काका, हे मधे मधे अडवतंय, बंद करून ठेवतो." मी बरे म्हटले. प्रिंटर चालला, मुलाला चहा दिला, तो गेला. दोन वर्षे दाराची कडी काढलेली, आणि आत मी निवांत कादंबरी लिहीत बसलेलो!

लाज वाटली ती एका कारणाने. उमेदीची तीसहून अधिक वर्षे मी बँकेत काढली. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी रोखपालाकडे. दोघे असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, हा रोजचा धडा. तोच माणूस घरी आल्यावर एका अनोळखी पोराला कडी काढू देतो आणि विचारतही नाही की बाबा रे, ही परत कोण लावणार? "काही झालं तर नाही ना?" असे बायकोने विचारले. काही झाले नाही असे आपल्याला वाटते, एवढेच मी म्हणू शकलो. संध्याकाळी रोकड जुळली म्हणजे दिवसभरात चूक झालीच नाही असे नसते, हे बँकेतला कोणीही सांगेल.

फायरवॉल हा शब्द मूळचा इमारत बांधणाऱ्यांचा. एका खोलीतली आग दुसरीत जाऊ नये म्हणून मधे घालायची भक्कम भिंत. पण संगणकातली फायरवॉल भिंतीपेक्षा आपल्या वेशीसारखी असते. जालन्यात मूर्ती वेशीचे नाव ज्याला ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. तट नुसता अडवतो. वेस अडवते आणि सोडतेही. गावाबाहेर गेलेला आपला माणूस परत आला तर त्याला आत घ्यायचे, अनोळखी असेल तर कोण, कुठला, कशासाठी आला हे विचारायचे. फायरवॉल हेच करते. तुम्ही स्वतः एखादे पान मागवले तर त्याचे उत्तर आत येऊ देते. न मागवता आलेल्याला दारातून परत पाठवते.

ही वेस घरगुती संगणकाला उशिराच मिळाली, आणि मिळाली तेव्हा बंद अवस्थेत. २००१ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणले, तेव्हा त्यात फायरवॉल होती. पण ती आपण शोधून चालू करावी लागे, आणि कोण शोधणार? ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्याला कोणी पत्र उघडायला नको होते की कशावर बोट ठेवायला नको होते. दुरुस्ती न झालेला संगणक इंटरनेटला जोडलेला आहे, एवढे त्याला पुरे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, कंपनीने एक्सपीची मोठी सुधारणा आणली आणि फायरवॉल आपोआप चालू राहील असे केले. म्हणजे कुलूप दारावर होतेच, लावलेले नव्हते. माझ्या घरी वीस वर्षांनी तेच घडले.

मुलगी कडी लावून गेली. पण मला खुमखुमी आली. आयते मिळालेले कसे चांगले असेल, हा आपला मध्यमवर्गीय संशय. मी इंटरनेटवर 'फुकट आणि उत्तम' फायरवॉल शोधू लागलो. सगळ्यात वर जे नाव आले ते उतरवून घेतले. ते नाव वर आले होते ते जाहिरातीचे पैसे मोजून, हे नंतर कळले. उतरवलेल्या वस्तूने आधी माझ्या ब्राउझरचे तोंड बदलले, मग दर दहा मिनिटांनी तुमच्या संगणकात शेकडो धोके आहेत असे ओरडायला सुरुवात केली, आणि ते काढायचे पैसे मागितले. राखणदार म्हणून ठेवला तोच ओसरीवर बसून खंडणी मागू लागला. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने दोन तास खपून त्याला बाहेर काढले.

फुकटाचाही एक खर्च असतो आणि तो कोणाच्या तरी खात्यावर नावे पडतोच. चोराचिलटांचे सोडा, नावाजलेल्यांचे काय? अवास्ट ही मोफत अँटिव्हायरस देणारी जगप्रसिद्ध कंपनी. लोक कोणकोणती पाने पाहतात याची माहिती ती आपल्या जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होती, हे उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मोफत देणारे सगळेच असे नसतात. हौसेने आणि सचोटीने करणारेही आहेत. पण कर्ज देताना आम्ही अर्जदाराला विचारत असू, तुमचे उत्पन्न कशातून येते? हा प्रश्न फुकट देणाऱ्यालाही विचारायला हवा.

पुढे त्याच मुलाच्या सल्ल्याने मी एक नामांकित, खरोखरची मोफत फायरवॉल बसवून पाहिली. झोनअलार्म, कोमोडो अशी नावे या धंद्यात जुनी आहेत. विंडोजची स्वतःची फायरवॉल बाहेरून आत येणाऱ्याला अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा विचारत नाही. या दुसऱ्या जातीच्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्यालाही विचारतात. तत्त्व उत्तम. घरात शिरलेला चोर माल घेऊन बाहेर पडताना तरी पकडला जावा! पण प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या दिवशी दहा-बारा वेळा खिडकी उघडली: अमुक एक प्रोग्राम बाहेर जाऊ मागतो, सोडू का? नावे अशी की एकही ओळखीचे नाही. नाही म्हटले तर काहीतरी चालेनासे होई. दुसऱ्या दिवशी मी न वाचता 'हो' म्हणू लागलो. तिसऱ्या दिवशी 'नेहमीसाठी हो' ही चौकट सापडली आणि मोठा आनंद झाला.

हे मी पूर्वी कुठेतरी पाहिले होते. संध्याकाळी पाच वाजता शाखाधिकाऱ्यापुढे व्हाउचरांचा गठ्ठा येई आणि तो गप्पा मारत मारत कोपरा उचलून सही करत जाई. तपासणाऱ्याची सही होती, तपासणी नव्हती. बँकेतल्या बहुतेक भानगडींचा उगम मला अशा गठ्ठ्यांत सापडला आहे.

आणि त्याबरोबर आठवली एक बाई. खेड्यातली शाखा, म्हशीसाठी कर्ज, कागद सगळे इंग्रजीत. मी नवा अधिकारी. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला, तेवढ्यात मागून व्यवस्थापक म्हणाले, "आधी वाचून सांगा." इंग्रजी न जाणणाऱ्या कर्जदाराला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला आणि तो त्याला समजला, असा दाखला आम्हाला कागदावर लिहावा लागे. बहुतेक वेळा तो नुसता लिहिला जाई. त्या दिवशी मी खरोखर वाचून सांगितले, अडखळत, तासभर. बाईने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "साहेब, यात घर जाईल असं कुठं लिहिलंय का?" तो तिचा एकच प्रश्न होता. नाही, म्हैसच तारण आहे, असे मी सांगितले तेव्हा तिने अंगठा पुढे केला. तो अंगठा म्हणजे संमती. न वाचता घेतला असता तर नुसती शाई.

माझे म्हणणे एवढेच आहे. मालकाला न कळणारा प्रश्न विचारणारा राखणदार हा राखणदार नव्हे. त्याचे काम आपल्या अंगठ्याची शाई गोळा करण्याचे. फायरवॉल निवडताना लोक तुलनेचे तक्ते पाहतात, कोण किती हल्ले अडवतो याचे आकडे पाहतात. सामान्य घराने पाहायचे ते वेगळेच: ही मला किती वेळा विचारते, आणि जे विचारते ते मला कळते का?

वेस कितीही भक्कम असली तरी आतला माणूस फितला, किंवा फसला, की संपले. माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक. बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, त्याने सांगितलेला प्रोग्राम त्यांनी आपल्या हाताने संगणकावर घेतला आणि पडद्याचा ताबा दुरून दिला. त्यांची फायरवॉल चालू होती. तिने काही केले नाही, कारण मालकानेच आतून दार उघडले होते. किती गेले ते त्यांनी घरातही सांगितलेले नाही. फिरायला येताना आता खाली पाहून चालतात. घरचेच कशाला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पाहा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. चोरांनी खऱ्या यंत्रणेऐवजी एटीएमच्या मागण्यांना परस्पर 'हो' म्हणणारा एक खोटा मध्यस्थ उभा केला, आणि २८ देशांतल्या यंत्रांतून पैसे निघाले. तिथेही घात झाला तो खोट्या 'हो'ने.

मग घरी करायचे काय? विंडोज असेल तर तिची स्वतःची फायरवॉल पुरे. ती फुकट आहे, आयती आहे, आणि क्वचितच विचारते. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' या ठिकाणी तीन ओळी असतात. तिन्हींवर हिरवी खूण आहे का, हे महिन्याकाठी पाहावे. स्टेशनवर, लॉजवर, लग्नाच्या हॉलमध्ये वायफाय जोडताना 'पब्लिक' निवडावे. विकतचा अँटिव्हायरस घेतला असेल (पुण्याच्या काटकर बंधूंचा क्विक हीलही त्यातलाच) आणि त्याच्यासोबत फायरवॉल येत असेल, तर दुसरी बसवू नये. एका वेशीवर दोन राखणदार भांडतच बसतात. उबुंटूसारखे लिनक्स वापरणाऱ्याने लक्षात ठेवावे की तिथली फायरवॉल आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही. ज्याला बाहेर जाणाऱ्यांवरही नजर हवी, त्याने टायनीवॉलसारखी मोफत, खिडक्या न उघडणारी फायरवॉल पाहावी. ती विचारत नाही, यादीत नसलेल्याला सरळ अडवते, आणि यादी आपण शांतपणे बनवायची. तीही तिच्या मूळ ठिकाणाहून घ्यावी, जाहिरातीच्या दारातून नव्हे. आणि एक: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. दुरुस्त्या थांबलेल्या संगणकावर फायरवॉल म्हणजे भेगा पडलेल्या तटाची वेस.

यावर कोणी म्हणेल, विंडोज मराठीतही करून घेता येते. येते. पण बाजारात मिळणारा संगणक इंग्रजी चेहऱ्यानेच घरात येतो आणि दुकानदार ते बदलून देत नाही, कारण आपण मागत नाही. लाखो मराठी माणसांनी एमएस-सीआयटी केले, बऱ्याच जणांनी नोकरीची अट म्हणून. प्रमाणपत्र फाइलला लागले, खिडकीतला प्रश्न तसाच राहिला. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून मोफत साधने दिली. त्यात यादीबाहेरचा प्रोग्राम चालूच न देणारे सी-डॅकचे ॲपसंविद होते. माझ्या ओळखीच्या दहा निवृत्तांपैकी एकानेही त्याचे नाव ऐकलेले नव्हते. म्हशीच्या कर्जाला जो नियम होता तो इथे का नसावा? ज्या संगणकातून माणसाची आयुष्यभराची पुंजी हलते, तो विकणाऱ्याने आणि त्यावर बँकिंग सुरू करून देणाऱ्या बँकेने पाच मिनिटे बसून ग्राहकाच्या भाषेत समजावून सांगावे, आणि तसा दाखला लिहून द्यावा. नुसता लिहू नये, खरोखर सांगावे. फसल्यावर १९३० वर फोन करा, हे सांगणे गरजेचेच आहे. पण ती आग लागल्यावरची घंटा झाली.

मी ती तिसऱ्या दिवसाची फायरवॉल काढून टाकली आणि विंडोजचीच ठेवली. पडद्याशेजारी मराठीत एक चिठ्ठी चिकटवली आहे: खिडकी उघडली तर घाई नाही, आत्ता मी स्वतः काही सुरू केले होते का? नसेल तर 'कॅन्सल'. न कळल्यास 'कॅन्सल'. काही बंद पडले तर उद्या पाहू. परवा ते शिक्षक स्नेही चहाला आले होते. बराच वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत होते. मग खिशातून पेन काढले आणि म्हणाले, "जरा सांगता का, उतरवून घेतो."