सव्वीस खाती, एकच मर्जी

एप्रिल 2020 मध्ये चीनच्या पर्यावरण मंत्रालयाला नवे मंत्री मिळाले. नाव हुआंग रुनक्यू. गृहस्थ भूगर्भशास्त्रज्ञ आणि विशेष म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यच नाहीत. कम्युनिस्ट पक्षाच्या परवानगीने तेथे जे आठ छोटे पक्ष नांदतात, त्यांपैकी जिउसान सोसायटीचे ते एक नेते. एकपक्षीय राजवटीत बिगर-कम्युनिस्ट मंत्री म्हटल्यावर एखाद्याला उदारतेची चाहूल लागल्यासारखे वाटेल. पण त्याच महिन्यात त्याच मंत्रालयात सन जिनलाँग यांचीही नेमणूक झाली. त्यांचा सरकारी हुद्दा उपमंत्र्याचा आणि पक्षातला हुद्दा मंत्रालयातील पक्षसमितीच्या सचिवाचा. महत्त्वाचे निर्णय आणि नेमणुका आधी या समितीत ठरतात. म्हणजे सही मंत्र्याची, पण ती कशावर व्हायची हे ठरवणारे त्यांचेच उपमंत्री. चीनच्या मंत्रिमंडळाची, तेथील भाषेत स्टेट कौन्सिलची, यादी वाचायला बसावे तेव्हा ही जोडी आधी आठवावी.

यादी दिसायला भारदस्त आहे. मार्च 2023 मध्ये ती जाहीर झाली तेव्हा पंतप्रधान ली कियांग, चार उपपंतप्रधान, पाच स्टेट कौन्सिलर आणि 26 मंत्रालये व आयोग असा तिचा विस्तार होता. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि महालेखापरीक्षक हेही तेथे मंत्रिमंडळातच बसतात, त्यामुळे हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकाच पंगतीत. उपपंतप्रधानांत एकही महिला नाही. पाच स्टेट कौन्सिलरांत एकट्या शेन यीचिन. ली कियांग यांना संसदेत 2,936 मते मिळाली, विरोधात तीन. हे तिघे कोण, याची उत्सुकता आम्हाला आजही आहे. त्याआधीच्या दशकांत पंतप्रधान होणारा माणूस निदान उपपंतप्रधानपदाची उमेदवारी करून येई. ली कियांग थेट शांघायच्या पक्षसचिवपदावरून आले, तेही त्या शहरातील 2022 च्या कडक टाळेबंदीने लोकांचे हाल झाल्यानंतर. त्यांच्या गाठीला मोठी गोष्ट एकच होती. झेजियांग प्रांतात क्षी जिनपिंग पक्षप्रमुख असताना ते त्यांच्या हाताखाली होते.

या मंत्रिमंडळाचा ताजेपणा चार महिनेच टिकला. परराष्ट्रमंत्री किन गांग 25 जूननंतर कोणाच्या नजरेस पडले नाहीत आणि बरोबर महिन्याने पदावरून गेले. ऑगस्टअखेर संरक्षणमंत्री ली शांगफू दिसेनासे झाले, ऑक्टोबरमध्ये त्यांचेही पद गेले. किन गांग यांना का काढले हे चिनी सरकारने आजवर सांगितलेले नाही. ली शांगफू यांची आणि त्यांच्या आधीचे संरक्षणमंत्री वेई फेंघे यांची जून 2024 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून पक्षातून हकालपट्टी झाली. भारताला या दोन नावांचा विसर पडू नये. गलवाननंतर सप्टेंबर 2020 मध्ये मॉस्कोत राजनाथ सिंह ज्यांच्यासमोर बसले ते वेई, आणि एप्रिल 2023 मध्ये दिल्लीत ज्यांना भेटले ते ली. दोघेही मंत्री होते, पण सैन्य दोघांच्याही हुकुमात नव्हते. सैन्य पक्षाच्या केंद्रीय लष्करी आयोगाचे, आणि आयोगाचे अध्यक्ष क्षी. ली यांच्यानंतर संरक्षणमंत्री झालेल्या डाँग जुन यांना तर नेमणूक होताना आयोगाचे सदस्यत्व आणि स्टेट कौन्सिलरपद यांपैकी काहीही मिळाले नाही.

हे सारे कम्युनिस्ट व्यवस्थेत अटळच असते, असे म्हणून सुटका करून घेता येईल. इतिहास मात्र तसा सरळ नाही. 1949 च्या पहिल्या सरकारात चाऊ एन-लाय यांच्यासोबत बिगर-कम्युनिस्ट बरेच होते. बीजिंग शहर लढाईविना कम्युनिस्टांच्या हवाली करणारे कुओमिन्तांगचे सेनापती फू झुओयी जलसंपदामंत्री झाले आणि 1972 पर्यंत त्या पदावर राहिले. अनेकांचे नशीब इतके बलवत्तर नव्हते. 1957 च्या ‘उजव्यांविरोधी’ मोहिमेत वाहतूक, अन्न आणि वनोद्योग या खात्यांचे बिगर-कम्युनिस्ट मंत्री एकापाठोपाठ बदनाम होऊन बाहेर पडले. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीने तर मंत्रालयेच मोडकळीस आणली. तो अनुभव अंगावर घेतलेल्या डेंग झियाओपिंग यांनी ऑगस्ट 1980 मध्ये सत्ता एका हाती एकवटण्याचे धोके पक्षालाच सुनावले. 1987 च्या पक्ष महाअधिवेशनात झाओ झियांग यांनी पुढचे पाऊल टाकले : पक्ष आणि सरकार वेगळे करायचे, मंत्रालयांतल्या पक्षसमित्या हळूहळू बंद करायच्या. दोन वर्षांनी तियानमेन घडले, झाओ नजरकैदेत गेले आणि समित्या परतल्या. सन जिनलाँग पुढे ज्या खुर्चीवर बसले ती तेव्हाच कायमची हलायची होती.

तरीही त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मंत्रिमंडळाला स्वतःचे वजन होते. झू राँगजी यांनी 1998 मध्ये 40 मंत्रालयांची 29 केली, आणि हे काम करणारा पंतप्रधान नामधारी नव्हता. 2007 मध्ये विज्ञान मंत्रालय वान गांग यांच्याकडे आले. जर्मनीत ऑडी कंपनीत इंजिनीअर असलेले, कम्युनिस्ट पक्षाबाहेरचे वान पेट्रोलच्या मोटारी सोडून विजेच्या मोटारींकडे वळा, असे बरीच वर्षे सांगत होते. त्यांचे ऐकले गेले. आज जगाच्या रस्त्यांवर चिनी विजेच्या मोटारी दिसतात त्यामागे हे ऐकून घेणे आहे. चीनच्या यशाचे श्रेय हुकूमशाहीच्या वेगाला देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वरच्याला पटवून देऊ शकणारे मंत्री तेथे होते, ही बाब त्यांच्या लक्षात येत नाही.

हे वजन गेल्या काही वर्षांत पद्धतशीर उतरवले गेले. 2018 मध्ये काही अनौपचारिक पक्षगटांचे रूपांतर कायमस्वरूपी आयोगांत झाले. 2023 मध्ये वित्त आणि विज्ञान-तंत्रज्ञानासाठी पक्षाचे नवे केंद्रीय आयोग आले, हाँगकाँग-मकावचा कारभार पाहणारे कार्यालय सरकारकडून पक्षाकडे गेले, आणि मंत्रिमंडळाची दर आठवड्याची बैठक महिन्यात दोन-तीनदा होऊ लागली. मार्च 2024 मध्ये स्टेट कौन्सिलचा 1982 चा कायदा प्रथमच बदलून पक्षाचे नेतृत्व त्यात लिहून टाकण्यात आले. त्याच सुमारास आणखी एक घोषणा झाली : अधिवेशनाच्या अखेरीस होणारी पंतप्रधानांची पत्रकार परिषद यंदा नाही, आणि काही विशेष घडल्याखेरीज या संसदेच्या उरलेल्या वर्षांतही नाही. तीन दशकांची प्रथा एका घोषणेत संपली. याच व्यासपीठावरून मे 2020 मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली केकियांग यांनी साठ कोटी चिनी जनतेचे मासिक उत्पन्न जेमतेम हजार युआन असल्याचे सांगून टाकले होते. क्षी तेव्हा गरिबीनिर्मूलनाच्या विजयाची तयारी करत होते. प्रथा का मोडली हे कोणी बोलले नाही; आम्हाला वेगळे कारण शोधावेसे वाटत नाही. (पत्रकार परिषदांच्या विषयावर आपण फार ताठ मानेने बोलावे अशी आपलीही स्थिती नाही, ते असो.)

नाही म्हणणारा कोणी उरला नाही की काय होते, हे 2022 मध्ये दिसले. मे महिन्यात याच ली केकियांग यांनी देशभरातील सुमारे लाखभर अधिकाऱ्यांना एकाच दूरबैठकीत जोडून घेऊन अर्थव्यवस्था घसरत असल्याचा इशारा दिला. शून्य-कोविड धोरण क्षी यांचे होते, म्हणून ते आणखी सहा महिने चालले आणि लोक रस्त्यावर आल्यावरच, डिसेंबरमध्ये, एकाएकी गुंडाळले गेले. पंतप्रधानाला दिसलेली गोष्ट राज्याला वेळेत करता आली नाही. बलाढ्य म्हणवणाऱ्या राजवटीचे हे दुबळेपण आहे, आणि शेजाऱ्याने त्यावर खूश होण्याचे कारण नाही. ज्याला घरात कोणी अडवत नाही, त्याच्या चुका सीमेवरही येऊन आदळतात.

भारतापुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा विजेच्या गाड्या बनवणाऱ्या पुणे-चाकणच्या कारखान्यांपर्यंत चिंता पोहोचली. अर्ज त्या मंत्रालयाकडेच जातात. पण अमेरिकेला उत्तर म्हणून उचललेले हे पाऊल एखाद्या वाणिज्यमंत्र्याच्या अखत्यारीतले नव्हते. वँग यी यांच्याशी होणाऱ्या चर्चांना किंमत आहे, ती ते परराष्ट्रमंत्री आहेत एवढ्यामुळे नव्हे. पॉलिटब्युरोचे सदस्य आणि पक्षाच्या परराष्ट्र आयोगाच्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून आहे. तेव्हा समोरच्या मंत्र्याशी हस्तांदोलन करताना त्याचे पक्षातले स्थान कोणते, हे आपल्या परराष्ट्र खात्याने आधी पाहावे. त्यासाठी चिनी भाषेतले पक्षाचे कागद वाचू शकणारी माणसे विद्यापीठांत घडवावी लागतील. ती आज पुरेशी नाहीत. चीनचे पुढचे मंत्रिमंडळ मार्च 2028 मध्ये संसदेत मतदानाला येईल. त्यातली मोठी नावे मात्र त्याआधी, 2027 च्या शरद ऋतूत भरणाऱ्या पक्ष महाअधिवेशनातच ठरलेली असतील.